मध्यम पातळीचं इंग्रजी व्याकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राथमिक व्याकरण झालंय, वाचलेलं बऱ्यापैकी कळतं, पण लिहायला-बोलायला लागलं की त्याच त्याच चुका होतात, अशा वाचकांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोप्याकडून अवघडाकडे असा क्रम आहे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणं मोठ्यानं वाचा. निम्मं व्याकरण कानाला कळतं.

१. मध्यम पातळी म्हणजे नेमकं काय? मी तिथे आहे हे कसं ओळखायचं?

युरोप परिषदेनं २००१ मध्ये भाषाशिक्षणासाठी सहा पायऱ्यांची एक चौकट प्रसिद्ध केली. ए-वनपासून सी-टूपर्यंतच्या या पायऱ्यांतल्या मधल्या दोन, बी-वन आणि बी-टू, म्हणजे मध्यम पातळी. ओळखीच्या विषयावर आपलं मत कारणांसह सांगता येतं, घडलेली गोष्ट अडखळत का होईना पूर्ण करता येते, तर तुम्ही इथे आहात.

या पातळीवर नियम माहीत नसल्यामुळे होणाऱ्या चुका कमी असतात. मनात वाक्य मराठीत जुळतं आणि त्याच सांगाड्यावर इंग्रजी शब्द चढतात, म्हणून होणाऱ्या चुका जास्त असतात. त्यामुळे पुढच्या बहुतेक उत्तरांत मराठी वाक्य कसं चालतं हेही दाखवलं आहे. चूक कुठून येते ते दिसलं, की ती पकडणं सोपं जातं.

२. बारा काळांचा तक्ता तोंडपाठ आहे, तरी बोलताना काळ चुकतो. असं का?

तक्ता रूप शिकवतो, निवड शिकवत नाही. ‘हॅड बीन गोइंग’ तयार करता येणं वेगळं आणि ते कधी वापरायचं हे ठरवणं वेगळं. शिवाय बारापैकी काही काळ रोजच्या व्यवहारात क्वचितच लागतात. ‘विल हॅव बीन वर्किंग’ असं वाक्य महिनोन्‌महिने वापरावं लागणार नाही. साधा वर्तमान, साधा भूतकाळ, प्रेझेंट परफेक्ट, दोन्ही चालू काळ आणि भविष्यासाठी ‘विल’ व ‘गोइंग टू’ एवढ्यावर आधी पकड घ्या.

सरावाची माझ्या मते सगळ्यात उपयोगी पद्धत अशी: स्वतः लिहिलेला एखादा परिच्छेद घ्या, त्यातली फक्त क्रियापदं अधोरेखित करा आणि प्रत्येकाला विचारा, ‘ही वेळ संपली आहे का? याचा आत्ताशी संबंध आहे का?’ एका वाचनात एकाच प्रकारची चूक शोधा. सगळं एकदम तपासायला गेलात तर काहीच हाती लागत नाही.

३. ‘मी काल गेलो होतो’ याचं ‘आय हॅड गॉन यस्टरडे’ का होत नाही?

मराठी माणसाच्या इंग्रजीत सर्वांत जास्त दिसणारी चूक बहुधा हीच. मराठीत ‘गेलो होतो’, ‘पाठवलं होतं’, ‘भेटलो होतो’ ही रूपं आपण साध्या भूतकाळासाठी सर्रास वापरतो. इंग्रजीत ‘हॅड’ला एक अट आहे: भूतकाळातला दुसरा एखादा क्षण समोर असला पाहिजे आणि आपली गोष्ट त्याच्याही आधी घडलेली असली पाहिजे.

‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ मी पोहोचलो हा एक क्षण, गाडी सुटली ती त्याच्या आधी. इथे ‘हॅड’ हवाच, कारण तो काढून ‘द ट्रेन लेफ्ट’ म्हटलं तर मी पोहोचलो आणि मग गाडी सुटली असा अर्थ निघतो.

आता ईमेलमधलं हे वाक्य पाहा: ‘आय हॅड सेंट यू द फाइल ऑन मंडे.’ वाचणारा थांबतो. सोमवारी पाठवली, आणि मग काय झालं? पुढे काहीच येत नाही. ‘आय सेंट यू द फाइल ऑन मंडे’ एवढंच पुरे.

कसोटी सोपी आहे. ‘हॅड’ लिहिण्यापूर्वी ‘कशाच्या आधी?’ असं विचारा. उत्तर त्याच वाक्यात किंवा मागच्या वाक्यात सापडलं तर ‘हॅड’ ठेवा, नाही तर काढा. ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’ असेल तर क्रम तसाही स्पष्ट होतो, म्हणून ‘आफ्टर शी लॉक्ड द डोअर, शी लेफ्ट’ हेही बरोबर.

४. प्रेझेंट परफेक्ट की साधा भूतकाळ? दोन्ही सारखेच वाटतात.

‘आय हॅव लॉस्ट माय की’ म्हणजे किल्ली हरवली आहे आणि अजून सापडलेली नाही. ‘आय लॉस्ट माय की’ ही फक्त झालेली गोष्ट. आज किल्ली खिशात असेलही.

नियम मोडायचाच नाही अशी एक जागा लक्षात ठेवा. संपलेली वेळ सांगितली की प्रेझेंट परफेक्ट बाद. ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘टू डेज अगो’, ‘इन २०१९’ यांच्याबरोबर साधा भूतकाळच येतो. ‘मी ते काल पाठवलं आहे’ हे मराठीत अगदी सहज आहे, म्हणून ‘आय हॅव सेंट इट यस्टरडे’ तोंडात येतं. ते चूक. ‘व्हेन’नं विचारलेला प्रश्नही वेळच मागतो, म्हणून ‘व्हेन हॅव यू कम?’ नाही, ‘व्हेन डिड यू कम?’

‘धिस मॉर्निंग’ मात्र घड्याळावर ठरतं. सकाळ चालू असेल तर ‘आय हॅव हॅड टू मीटिंग्ज धिस मॉर्निंग’. दुपारी तेच सांगताना ‘आय हॅड’. ब्रिटिश आणि अमेरिकन वापरातही फरक आहे. ‘हॅव यू ईटन यट?’ असं ब्रिटिश माणूस विचारेल. अमेरिकेत बोलताना ‘डिड यू ईट यट?’ सर्रास ऐकू येतं. परीक्षेसाठी पहिलं वापरा.

५. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांत नेहमी गोंधळ होतो. एकदाचं सांगाल का?

‘सिन्स’नंतर सुरुवातीचा क्षण, ‘फॉर’नंतर किती काळ. ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स २०२०’. ‘फॉर टू अवर्स’, ‘फॉर फाइव्ह इयर्स’. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ या दोन्हींत ‘पासून’च असतं, गोंधळ तिथून येतो.

त्याच वाक्यात दुसरी चूक दडलेली असते. ‘मी पाच वर्षांपासून इथे काम करतोय’ यात मराठी क्रियापद वर्तमानकाळी आहे, म्हणून ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असं बनतं. हवं ते असं: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.’ पूर्वी सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं काम इंग्रजी परफेक्टमध्येच सांगते. ‘आय वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हटलंत, तर तुम्ही नोकरी सोडली असा अर्थ होईल.

६. ‘आय ॲम नोइंग’ चुकीचं, मग ‘आय ॲम थिंकिंग’ कसं चालतं?

काही क्रियापदं कृती दाखवत नाहीत, स्थिती दाखवतात: ‘नो’, ‘अंडरस्टँड’, ‘बिलीव्ह’, ‘वाँट’, ‘नीड’, ‘बिलाँग’, ‘ओन’. ती सहसा चालू काळात येत नाहीत. ‘थिंक’ला मात्र दोन अर्थ आहेत. मत असेल तर ‘आय थिंक ही इज राइट’; डोक्यात विचार चालू असेल तर ‘आय ॲम थिंकिंग अबाउट इट’. ‘हॅव’चंही तसंच. मालकी असेल तर ‘आय हॅव अ कार’, पण जेवण चालू असेल तर ‘आय ॲम हॅविंग लंच’. ‘सी’ म्हणजे दिसणं. ‘आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमॉरो’ म्हणजे उद्याची ठरलेली भेट.

‘आय ॲम हॅविंग अ डाउट’ या लाडक्या वाक्यात दोन अडचणी आहेत. ‘हॅविंग’ नको हे झालंच. शिवाय ‘डाउट’मध्ये अविश्वासाची छटा आहे. काही विचारायचं असेल तर ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा.

७. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांचे नियम संपतच नाहीत. सुरुवात कुठून करू?

मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे ते विसरणं स्वाभाविक आहे. नामाआधी दोन प्रश्न विचारा. ही वस्तू मोजता येते का? कोणती वस्तू ते ऐकणाऱ्याला कळलंय का? कळलं असेल तर ‘द’. कळलं नसेल आणि एकच मोजण्याजोगी वस्तू असेल तर ‘अ’ किंवा ‘ॲन’. सरसकट सगळ्यांबद्दल बोलत असाल तर काहीच नको: ‘डॉग्ज आर लॉयल’, ‘लाइफ इज शॉर्ट’.

‘अ’ की ‘ॲन’ याला आपल्या लिपीची छान मदत होते. शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘अवर’ आणि ‘ऑनेस्ट’ स्वरानं सुरू होतात, म्हणून ‘ॲन अवर’, ‘ॲन ऑनेस्ट मॅन’. ‘युनिव्हर्सिटी’ य-नं, ‘वन-वे’ व-नं, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘अ वन-वे रोड’. ‘एमबीए’ ए-नं, म्हणून ‘ॲन एमबीए’. इंग्रजी स्पेलिंग बघणारा इथे फसतो. उच्चार बघणारा फसत नाही.

नावांचे अपवाद मात्र पाठच करावे लागतात. नदीला ‘द’ लागतो, एकट्या शिखराला नाही, पर्वतरांगेला लागतो: ‘द नाइल’, ‘माउंट एव्हरेस्ट’, ‘द आल्प्स’. ‘गो टू स्कूल’ म्हणजे शिकायला जाणं; ‘गो टू द स्कूल’ म्हणजे त्या शाळेच्या इमारतीत काही कामानं जाणं. रुग्ण म्हणून दाखल असलेल्याला ब्रिटिश ‘इन हॉस्पिटल’ म्हणतात, अमेरिकन ‘इन द हॉस्पिटल’.

८. ‘इन्फर्मेशन्स’, ‘ॲडव्हायसेस’ चालतात का?

नाही. ‘इन्फर्मेशन’, ‘ॲडव्हाइस’, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इक्विपमेंट’ यांना अनेकवचन नाही आणि आधी ‘ॲन’ही लागत नाही. मोजायचंच असेल तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’. ‘न्यूज’ दिसायला अनेकवचनी, पण क्रियापद एकवचनी: ‘द न्यूज इज गुड’. ‘कॉफी’ मोजता येत नाही, पण कप मनात धरून ‘टू कॉफीज, प्लीज’ म्हणणं बरोबर आहे.

९. प्रिपोझिशनला काही नियम आहे का, की पाठच करायची?

जागा आणि वेळ यांना थोडे नियम आहेत. क्रियापदाबरोबर येणारी प्रिपोझिशन मात्र क्रियापदासकटच पाठ करा. आपल्याकडून जास्तीची लागतात ती ही: ‘डिस्कस अबाउट’, ‘रीच टू’, ‘ऑर्डर फॉर’, ‘मॅरी विथ’, ‘कोप अप विथ’. बरोबर रूपं: ‘डिस्कस द प्लॅन’, ‘रीच द ऑफिस’, ‘ऑर्डर लंच’, ‘मॅरी हिम’ किंवा ‘गेट मॅरिड टू हिम’, ‘कोप विथ’. नाम झालं की हिशोब बदलतो: ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ नको, ‘अ डिस्कशन अबाउट’ला हवं.

वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको, हा दंडक मनातून काढून टाका. कवी जॉन ड्रायडन यानं १६७२ मध्ये अशा रचनेला नावं ठेवली आणि पुढे शाळांतून त्याचा नियम झाला. ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट?’ हे निर्दोष इंग्रजी आहे.

१०. ‘इफ’बरोबर ‘विल’ का येत नाही? आणि ‘इफ आय वेअर’ हे काय प्रकरण आहे?

शक्यता खरी असेल तर ‘इफ’च्या बाजूला साधा वर्तमान, दुसऱ्या बाजूला ‘विल’: ‘इफ इट रेन्स, आय विल स्टे होम.’ ‘व्हेन’, ‘अनटिल’, ‘ॲज सून ॲज’ यांनाही हाच नियम.

नुसती कल्पना असेल तर इंग्रजी भूतकाळाचं रूप घेते: ‘इफ आय हॅड टाइम, आय वुड हेल्प यू’, म्हणजे आत्ता वेळ नाही. ‘इफ आय वेअर यू’ त्याच घरातलं. बोलताना ‘इफ आय वॉज’ चालतं, पण ‘यू’ आला की ‘वेअर’च ठेवा.

हुकलेल्या गोष्टीबद्दल बोलताना मराठी दोन्हीकडे एकच रूप वापरते: ‘कळलं असतं तर फोन केला असता.’ त्या समतोलाच्या नादात ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कॉल्ड’ असं लिहिलं जातं. इंग्रजीत बाजू वेगळ्या आहेत: ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कॉल्ड.’ ‘वुड’ फक्त परिणामाच्या बाजूला.

‘इफ’नंतर ‘विल’ येतो अशा दोन जागा आहेत. एक, ‘की नाही’ या अर्थी: ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम.’ दुसरी, विनंती करताना: ‘इफ यू विल वेट अ मिनिट, आय विल कॉल हर.’

११. इनडायरेक्ट स्पीचमध्ये काळ नेहमी मागे न्यायचा का?

मराठीत आपण मूळ बोलणं जवळजवळ तसंच ठेवतो: ‘तो म्हणाला की मी उद्या येतो.’ यातला ‘मी’ म्हणजे तो. इंग्रजीत तसं केलं तर ‘ही सेड दॅट आय विल कम’ याचा अर्थ होतो की मी, म्हणजे सांगणारा, येणार! म्हणून आधी सर्वनाम बदला, मग काळ: ‘ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.’

काळ मागे नेणं दर वेळी सक्तीचं नसतं. सांगितलेली गोष्ट अजून खरी असेल तर ‘शी सेड शी लिव्ह्ज अलोन’ चालतं. निरोप त्याच दिवशी पोहोचवत असाल तर ‘टुमॉरो’चा ‘द नेक्स्ट डे’ करायचं कारण नाही, कारण उद्या अजून उद्याच आहे. शालेय स्वाध्यायात हे बदल यांत्रिकपणे करायला लावतात. प्रत्यक्षात कधी, कुठे आणि कोण सांगतंय ते पाहून ठरवा.

‘टेल’ला माणूस थेट जोडा, ‘से’ला ‘टू’ लावून: ‘ही टोल्ड मी’, ‘ही सेड टू मी’. ‘ही टोल्ड टू मी’ नाही. प्रश्न कळवायचा असेल तर प्रश्न १२ पाहा.

१२. ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ यात चूक काय आहे?

‘तो कुठे आहे?’ आणि ‘तो कुठे आहे ते माहीत नाही’, मराठीत शब्दांचा क्रम दोन्हीकडे सारखा. इंग्रजीत प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात शिरला की उलटापालट थांबते: ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज.’ ‘कुड यू टेल मी व्हॉट टाइम इट इज?’ ‘डू’, ‘डज’, ‘डिड’ही गळतात: ‘ही आस्क्ड व्हेअर आय वर्क्ड.’

१३. ‘आल्दो’बरोबर ‘बट’ लिहिलं की गुण का कापतात?

‘जरी’ला ‘तरी’ हवाच असं आपल्या कानाला वाटतं. इंग्रजीत दोन वाक्यं जोडायला एकच दुवा पुरतो: ‘आल्दो ही वॉज टायर्ड, ही फिनिश्ड द वर्क.’ किंवा ‘ही वॉज टायर्ड, बट ही फिनिश्ड द वर्क.’ ‘बिकॉज… सो’चंही असंच, एक काढा. ‘डिस्पाइट’नंतर ‘ऑफ’ नको. ‘इन स्पाइट’नंतर हवा.

१४. ‘टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं, मग ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ कसं?

‘टू’ दोन आहेत. ‘आय वाँट टू गो’मधला क्रियापदाचा भाग, ‘लुक फॉरवर्ड टू’मधला प्रिपोझिशन. तिथे नाम ठेवून पाहा: ‘लुक फॉरवर्ड टू द मीटिंग’ जमतं, म्हणून ‘मीटिंग यू’ही जमतं. ‘वाँट टू द मीटिंग’ जमत नाही. याच कसोटीवर ‘आय युज्ड टू ड्राइव्ह’ म्हणजे पूर्वी चालवायचो आणि ‘आय ॲम युज्ड टू ड्रायव्हिंग’ म्हणजे सवय आहे.

काही क्रियापदांत निवडीनं अर्थच बदलतो. ‘ही स्टॉप्ड टू टॉक’ म्हणजे बोलण्यासाठी थांबला. ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे बोलायचा थांबला. ‘रिमेंबर टू लॉक द डोअर’ ही पुढची आठवण. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ ही मागची.

१५. ‘डिडन्ट ही कम?’ याला उत्तर ‘यस’ की ‘नो’?

तो आला नसेल तर ‘नो, ही डिडन्ट.’ मराठीत आपण विचारणाऱ्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो: ‘हो, नाही आला.’ इंग्रजी ‘यस’ किंवा ‘नो’ घटनेकडे पाहून ठरतं, प्रश्नाकडे पाहून नाही. फोनवर यामुळे खरोखर गैरसमज होतात, म्हणून नुसत्या ‘यस’वर थांबू नका, पुढचे दोन शब्द बोला.

प्रत्येक वाक्याला ‘इजन्ट इट’ चिकटवणंही टाळा. टॅग, म्हणजे शेवटी जोडलेला छोटा प्रश्न, मुख्य वाक्यातल्या क्रियापदावरून ठरतो: ‘यू नो हर, डोन्ट यू?’ दोन वेगळे: ‘आय ॲम लेट, आरन्ट आय?’ आणि ‘लेट्स गो, शॅल वी?’

१६. ‘वन ऑफ माय फ्रेंड्ज’नंतर ‘इज’ की ‘आर’? ‘टीम’नंतर काय?

‘वन’ हा कर्ता, म्हणून ‘इज’. पण ‘फ्रेंड्ज’ अनेकवचनीच हवं. ‘नायदर… नॉर’मध्ये जवळचा कर्ता पाहा: ‘नायदर द मॅनेजर नॉर द क्लार्क्स वेअर देअर.’ ‘टीम’ला अमेरिकन ‘इज’ लावतात. टीममधली माणसं मनात असतील तर ब्रिटिश ‘आर’ही लावतात. एका लेखात एकच पद्धत ठेवा.

व्यक्ती स्त्री की पुरुष हे माहीत नसेल तर ‘दे’ वापरता येतं: ‘समवन लेफ्ट देअर बॅग.’ हा वापर शतकानुशतकं जुना आहे. मेरियम-वेब्स्टर या कोशानं २०१९ चा वर्षाचा शब्द म्हणून ‘दे’च निवडला होता. कर्ता एकटा असला तरी क्रियापद मात्र अनेकवचनी: ‘दे आर’.

१७. ‘आय सजेस्ट दॅट ही गो’ ही छपाईची चूक आहे का? ‘गोज’ नको का?

चूक नाही. ‘सजेस्ट’, ‘रेकमेंड’, ‘इन्सिस्ट’, ‘डिमांड’ यांनंतर दुसऱ्यानं काय करावं हे सांगायचं असेल, तर क्रियापद मूळ रूपात राहतं, कर्ता कोणीही असो आणि काळ कोणताही असो: ‘द डॉक्टर इन्सिस्टेड दॅट शी रेस्ट.’ नकारात फक्त ‘नॉट’: ‘दॅट ही नॉट बी टोल्ड.’ ब्रिटिश लेखनात ‘दॅट ही शुड गो’ही तितकंच रुळलेलं आहे, आणि अडलात तर ते वापरा.

पण ‘इन्सिस्ट’चा दुसरा अर्थ आग्रहानं दावा करणं. तिथे नेहमीचा काळ येतो: ‘ही इन्सिस्टेड दॅट शी वॉज ॲट होम’, ती घरी होती असं तो ठासून सांगत राहिला. ‘दॅट शी बी ॲट होम’ म्हटलं, तर तिनं घरी असावं असा त्याचा हट्ट होता. आणि ‘सजेस्ट मी अ बुक’ कधीच नाही. ‘सजेस्ट अ बुक टू मी’ किंवा ‘रेकमेंड अ बुक’.